हतनूर, सुकी, पाल साइडला दोन दिवस सायकल मारायची आहे, पण गाड्या नकोत. जमेल का?

भुसावळची_लेक:

नमस्कार मंडळी. माहेर भुसावळ, सासर आणि नोकरी पुण्यात. दिवाळीत आठवडाभर माहेरी येतोय आणि या वेळी कारच्या मागे सायकली बांधून आणायचं चाललंय, मी, नवरा आणि तेरा वर्षांचा मुलगा. आमच्या दोघांच्या हायब्रिड, मुलाची २६ इंची गिअरवाली एमटीबी. त्याला खडकवासला-पानशेतच्या काठाने फिरायची चटक लागलीये, एका अंगाला पाणी आणि एका अंगाला डोंगर असला की तो चाळीस-पन्नास किलोमीटर कुरकुर न करता जातो, नाहीतर दहाव्या किलोमीटरलाच "अजून किती" सुरू. पण तिकडे सुट्टीच्या दिवशी सकाळचे आठ वाजले की कणीसवाले, बुलेटवाले आणि रील काढणारे यांच्यातून वाट काढायची म्हणजे वैताग आहे नुसता.

तर प्रश्न असा की आपल्या खान्देशात असं काही जमेल का. हतनूरच्या धरणावर शाळेची सहल जायची, त्याचे ४१ दरवाजे बोट दाखवून मोजायचो आणि दर वेळी कुणाचे चाळीस भरायचे कुणाचे बेचाळीस, त्यापलीकडे मला काही आठवत नाही. नकाशात बघितलं तर तापी ओलांडली की वर सातपुडा, पायथ्याला सुकीचं धरण, त्याच्या वर पाल गाव, सगळं एका दमात होईल असं वाटतं, पण नकाशात काय, सगळेच रस्ते सारखे पिवळे-पांढरे दिसतात, कुठल्यावर डंपर आहेत ते थोडंच कळतं. बाबा रेल्वेतून रिटायर झालेत, त्यांना विचारलं तर म्हणाले "फैजपूर रोडला पोराला सायकलवर? डोकं ठिकाणावर आहे ना?" विषय संपला.

कुणी त्या भागात सायकलने फिरलंय का? पोराला घेऊन जाण्यासारखं आहे का?

केळीवाला_भो:

ताई, बाबांचं ऐका. आमोद्यावरून येणाऱ्या मेन रस्त्याला पोराला अजिबात घालू नका, समोरून केळीची गाडी आणि मागून एसटी आली की सायकलवाल्याला खाली मातीत उतरण्याशिवाय इलाज नसतो आणि उतरायला पण जागा बघावी लागते. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याचं पण तेच. सावदा, फैजपूर, यावल, चोपडा सगळी मोठी गावं त्याच एका रस्त्याला लटकलेली आहेत तर सगळी वाहतूक तिथंच येणार.

पण बाबा ज्याला रस्ता म्हणतात तेवढाच रस्ता नाही ना. रावेर-यावल पट्ट्यात गावाला गाव लागून आहे, आणि प्रत्येक गावाहून शेजारच्या गावाला एक बारका डांबरी रस्ता जातोच जातो, केळीच्या बागांमधून. दोन्ही बाजूला बाग, बागेच्या कडेला वारं अडवायला शेवरी नाहीतर गजराज गवत लावलेलं, त्यामुळे सकाळच्या वेळी असा गारवा असतो की नोव्हेंबरात पोराला स्वेटर लागेल. त्या रस्त्यावर भेटणार कोण, तर दूधवाला, ट्रॅक्टर, बागेत चाललेले मजूर आणि शाळेची पिवळी गाडी. बस.

आता खरी गोष्ट सांगतो जी नकाशात नाही. आमच्याकडे गाड्या कधी असतात हे केळीवर ठरतं. सकाळी मजूर बागेत असतात, घड कापायचा, डोक्यावर चुंबळ ठेवून बांधावर आणायचा, हे काम दुपारपर्यंत चालतं. दुपारनंतर माल रस्त्याला येतो, ट्रक भरायला लागतात, आणि संध्याकाळी एकामागे एक गाड्या उत्तरेला निघतात, दिल्ली, पंजाब, सगळा माल तिकडेच. म्हणजे जो रस्ता सकाळी सातला रिकामा बघून तुम्ही खुश होणार त्याच रस्त्यावर संध्याकाळी पाचला एक ट्रक आडवा लावलेला असेल आणि त्याच्या बाजूने मोटारसायकल पण निघणार नाही. त्यामुळे माझं म्हणणं, पहाट ते अकरा सायकल, मग दिवसभर आराम, आणि चारनंतर सायकलला हातच लावू नका. उसाचा पण हंगाम दिवाळीच्या पुढेमागे सुरू होतो, उसाची डबल ट्रॉली अंधारात दिसत नाही, मागे धड लाइट नसतो, हे तुम्हाला माहीतच असेल.

रूट सांगतो. भुसावळहून सायकल काढूच नका. गाडीत टाकून सावद्यापर्यंत या, २० किलोमीटरच्या आसपास आहे, तिथं गाडी लावा. भुसावळच्या माणसाचं सावद्याला कुणी नातेवाईक नाही असं होत नाही, निघेल कुणीतरी. पहिल्या दिवशी दक्षिणेला तापीकडे उतरा, तासखेडा, उदळी, ऐनपूर ही सगळी काठाकडची गावं, पूर्ण सपाट, चढ नावाला नाही. हतनूरचं बॅकवॉटर या बाजूने बघायचं, धरणाच्या बाजूने सगळेच बघतात. दुसऱ्या दिवशी उत्तरेला, चिनावल, खिरोदा करत डोंगराच्या पायथ्याला, आणि मग अंगात असेल तेवढं पालकडे. सुकीचं धरण म्हणजे गारबर्डीचं धरण, तिथं डोंगर एकदम जवळ येतात, तुमच्या पोराला पाहिजे ते सगळं तिथं आहे.

सराटा_पंक्चर:

केळीवाल्या भाऊंनी रूट एक नंबर सांगितला, पण एक गोष्ट राहिली. काटे.

पुण्याच्या डांबरी रस्त्यावरचे टायर घेऊन या पट्ट्यात आलात तर सकाळच्या पहिल्या तासात बसाल खाली. रस्त्याच्या कडेला जिथं तिथं वेडी बाभूळ, शेतकरी ती तोडून कुंपणाला टाकतो आणि वाळलेल्या फांद्या ट्रॉलीतून पडत पडत जातात. हा काटा लांब असतो, सरळ टायर फोडून आत, तो दिसतो तरी. सराटा दिसत नाही. वाटाण्याएवढा असतो, कसाही पडला तरी एक टोक वरच राहतं, टायरच्या खोबणीत बसतो आणि प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा आत सरकतो, हवा लगेच जात नाही, चहाला थांबता आणि उठून बघता तर चाक बसलेलं. नवीन ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून बोटाला फडकं गुंडाळून फिरवा, उघडं बोट फिरवू नका. टोक आतच तुटून राहिलेलं असतं, ते नाही काढलं तर नवीन ट्यूब पण गेली.

शक्य असेल तर ट्यूबमध्ये सीलंट भरून या, नाहीतर टायर आणि ट्यूबच्या मधे जुन्या ट्यूबची पट्टी कापून घाला, जड होतं पण चालतं. प्रत्येकाच्या दोन जादा ट्यूब. पंप चांगला, तो बोटाएवढा मिनी पंप घरी ठेवा.

आणि पाटाच्या रस्त्याबद्दल. हतनूरचा उजवा कालवा यावल-चोपड्याकडे जातो, त्याच्या कडेने पाटबंधारेवाल्यांचा मातीचा रस्ता आहे, कोणीतरी इथं येऊन सांगणारच की तिथून जा, एकही गाडी नाही. खरंय, गाडी नाही. पण आपली काळी माती आहे हे विसरू नका. परतीचा पाऊस पडून गेला असेल किंवा आवर्तन, म्हणजे पाटाला पाणी, सुटलं असेल आणि पाट कुठं पाझरत असेल तर ती माती टायरला अशी चिकटते की दहा पावलांत फोर्क आणि चाकाच्या मधे गच्च गोळा होतो आणि चाक फिरायचंच बंद. काडीने खरवडायचं, परत दहा पावलं, परत खरवडायचं. मडगार्ड असेल तर विचारूच नका. कोरड्यात मस्त, ओल्यात नरक. आदल्या दिवशी गावात विचारून घ्या, पाणी सुटलंय का.

एकटा_रायडर:

इतका बाऊ कशाला करताय सगळे? हायवेला सर्व्हिस रोड आहे बऱ्याच ठिकाणी, तिथून मुक्ताईनगर मारा, चांगदेव बघा, परत या, एका दिवसात होतं. दुसऱ्या दिवशी भुसावळ-पाल-भुसावळ. हेल्मेट, रिफ्लेक्टर, मागे लाल लाइट, काही होत नाही. गाडीत सायकल टाकून सावद्यापर्यंत जायचं तर मग सायकल टूर कसली.

तापीकाठचा_बगळा:

रायडर साहेब, तुमची हिंमत मोठी आहे, मान्य. पण ताईंनी प्रश्नात तेरा वर्षांचं पोर लिहिलंय ते वाचलंत ना? सर्व्हिस रोड सलग नसतो, पूल आला की संपतो आणि तुम्ही थेट चौपदरीवर, कंटेनरच्या शेजारी. मोठा माणूस डावी कड धरून निघतो. पोरगं कंटेनरच्या हवेने हलतं. असो.

मी हतनूरला पक्षी बघायला जाणारा माणूस, सायकल दुय्यम, म्हणजे दुर्बीण न्यायचं साधन. ताई, दिवाळी थोडी लवकर होते बघा. पाण्यासाठी चांगली, कारण पावसाळ्यात दरवाजे उघडेच असतात आणि शेवटी शेवटी भरून घेतात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरला बॅकवॉटर तुडुंब दिसतं. पण पाहुणे पक्षी खरे जमतात ते डिसेंबर-जानेवारीत. चक्रवाकाच्या जोड्या, पट्टकदंब, रानबदकांचे थवे. चित्रबलाक तर बरेचदा दिसतात. गाळ भरपूर साठलाय हतनूरला, धरणाच्या दृष्टीने ती डोकेदुखीच, पण त्या गाळाच्या उथळ कडांवरच हे सगळं खाणं मिळतं पक्ष्यांना.

दक्षिणेच्या बाजूने यायचं असेल तर वरणगावहून हतनूर गावाकडे वळायचं. धरणाच्या भिंतीवरून सायकलने पलीकडे जाऊ असं गृहीत धरू नका, ते परवानगीचं काम असतं, फोटोलाही अडवतात, आणि अडवलं तर वाद घालू नका, बिचाऱ्या वॉचमनला वर उत्तर द्यावं लागतं.

चांगदेवला मात्र जाच, पण गाडीने जा आणि तिथं सायकल उतरवून गावातल्या गावात फिरा. तापी आणि पूर्णा तिथं भेटतात, हतनूरचं पाणी तिथपर्यंत फुगलेलं असतं त्यामुळे कुठली नदी कुठं संपली ते कळत नाही. संगमावर जुनं दगडी मंदिर आहे, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, आणि बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम जवळ जाऊन बघण्यासारखं. महाशिवरात्रीच्या आसपास जाऊ नका, तेव्हा मुक्ताबाईची आणि चांगदेवाची यात्रा असते, दिंड्या, ट्रॅक्टर, पाय ठेवायला जागा नाही. भक्तीने जायचं असेल तर तेव्हाच जा, सायकल मात्र घरी ठेवा.

आणि मुक्ताईनगरच्या पुढे डोलारखेडा-वडोद्याच्या जंगलाकडे अंधार पडायच्या वेळी सायकलवर जाऊ नका, तिकडे वाघ आहे. चेष्टा नाही, पट्टेवाला.

भुसावळची_लेक:

बापरे, वाघाचं बाबांना सांगत नाही!

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. केळीचं वेळापत्रक तर मला माहेरची असून माहीत नव्हतं, आम्ही रेल्वे कॉलनीत वाढलो, केळी म्हणजे दारावर येणारी डझनाची. अजून दोन-तीन गोष्टी विचारते. एक म्हणजे हतनूरला किंवा सुकीला पूर्ण चक्कर मारता येईल का, म्हणजे एका काठाने जाऊन दुसऱ्या काठाने परत, मुलाला "गोल" पूर्ण झाला की फार आनंद होतो. दुसरं, पालला मुक्काम होतो का. आणि काही झालं, कुणाचा पाय मुरगळला नाहीतर मुलगा थकला, तर परत यायला रेल्वे चालेल का, सावदा स्टेशन आहे ना?

धुळेकर_पेडल:

ताई कसाले इतला घोर करतस!

आता मराठीत लिहितो नाहीतर पुण्याचे जावई म्हणतील हे काय. सगळे जळगाव जिल्ह्यातच फिरवताहेत तुम्हाला, आमचा धुळे-नंदुरबार पण खान्देशच आहे. पिंपळनेरजवळ लाटीपाड्याचं धरण बघा, पांझरेवरचं. तिथं डोंगर सातपुड्यासारखा एका रांगेत नसतो, सह्याद्रीची सुटी सुटी टोकं उभी राहतात, सकाळी पाण्यावर त्यांची सावली पडते आणि गाडी म्हणाल तर शेतकऱ्याची. फक्त चरणमाळ घाटाकडे वळू नका, वळणं वाईट आणि ट्रक पण. आणि सुरत हायवेचा कोंडाईबारी घाट तर सायकलवाल्याने विसरूनच जायचा. साक्री तालुक्यात दुसरा त्रास कुत्र्यांचा, ठेलारी लोकांचे वाडे माळावर बसलेले असतात, त्यांची कुत्री मेंढ्या राखायला शिकवलेली, सायकल दिसली की सुटतात. पळायचं नाही. उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरायची आणि हळूहळू चालत पुढे. वाड्यावरचा माणूस हाक मारतोच मग.

तोरणमाळ पण कुणीतरी सुचवणारच म्हणून आधीच सांगतो. उंची साधारण ११५० मीटर, शहाद्याहून पन्नासच्या वर किलोमीटर, आणि शेवटी सातपायरी घाट. सातपायरी म्हणजे रस्ता डोंगराच्या एकाच अंगावर वळसे घेत घेत चढतो, वरच्या वळणावरून खाली बघितलं तर आपण आलो तो रस्ता सगळा एकाखाली एक दिसतो. पोराला सायकलने चढवू नका. पण गाडीने वर जा आणि यशवंत तलावाच्या भोवती वरच्या वर सायकल चालवा, पठार आहे, हवा थंड, वाहन तुरळक, मुलाचा गोल तिथं होईल! सीताखाईकडे पण जाता येईल, कड्याजवळ सायकल ढकलत न्यायची.

केळीवाला_भो:

धुळेकर भाऊ, तोरणमाळची आयडिया भारी आहे पण भुसावळहून तोरणमाळ म्हणजे गाडीतच दिवस जाणार, ताईंकडे दोन दिवस आहेत. पुढच्या वर्षीसाठी ठेवा.

ताई, गोल होत नाही. आपल्याकडच्या धरणांना काठाने फिरायला रिंगरोड केलेला नसतो. बॅकवॉटर नाल्या-नाल्यात आत घुसतं, गुगलवर जो रस्ता काठाने जाताना दिसतो तो एखाद्या शेताच्या बांधावर नाहीतर सरळ पाण्यात जाऊन संपतो, बुडालेला जुना रस्ता असतो तो. मग मागे वळा. म्हणून आधीच ठरवून जा की ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने यायचं, नाहीतर गावातून गाव धरून वेगळ्या रस्त्याने यायचं. मुलाला गोल पाहिजेच असेल तर सावदा-चिनावल-खिरोदा आणि दुसऱ्या गावांमधून परत सावदा असा गोल करा, धरणाभोवती नको. खिरोद्याला चित्रकलेचं कॉलेज आहे, खेड्यात, कुणाला खरं वाटत नाही. आणि फैजपूरला १९३६ चं काँग्रेसचं अधिवेशन झालं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू. पोराच्या इतिहासाच्या पुस्तकात असेल तर दाखवून आणा, पण गाडीने.

सुकीचं एक ध्यानात ठेवा. पावसाळ्यात आणि सुट्टीच्या दिवशी तिथं सगळा तालुका लोटतो, सांडवा बघायला. दिवाळीत कमी गर्दी असते पण भाऊबीजेनंतरच्या रविवारी जाऊ नका, मधल्या वारी जा. आणि नदीच्या पात्रात सायकल उतरवून फोटो काढायचा मोह होतो सगळ्यांना, वर डोंगरात पाऊस झालेला असला तर खाली आभाळ कोरडं असताना पाणी येतं. दिवाळीत तसं होत नाही सहसा, पण हल्ली पावसाचं काही सांगता येतं का.

पालचा घाट. चढ आहे, पण मुंबई-पुण्याकडच्या घाटांसारखा अंगावर येत नाही, हळूहळू चढवतो. साग, अंजन, सालई, मधे मधे पावरा-तडवी लोकांची पाडं. तुमच्या हायब्रिडला मागे मोठं चक्र असेल तर बसून चढाल, नाहीतर उतरून ढकला, ढकलण्यात काय लाज. हा सगळा भाग यावल अभयारण्यात येतो, १९६९ पासून अभयारण्य आहे ते. मेन रस्ता सोडून जंगलातल्या वाटेला जायचं तर वनखात्याला विचारल्याशिवाय नाही. आणि दिवस मावळायच्या आत खाली किंवा मुक्कामाला, कारण बिबट्या. आमच्या केळीत पण येतो तो, जंगलात कशाला जायला पाहिजे.

मुक्काम पालला वनखात्याचं विश्रामगृह आहे, पण ते आधी बुकिंग केल्याशिवाय धरू नका. मी म्हणतो मुक्कामच करू नका. खाली सावद्याला-भुसावळला झोपा, पहाटे परत गाडीने पायथ्याला या आणि घाट ताज्या पायांनी चढा. उतरताना मात्र पोराला पुढे सोडू नका, तुम्ही पुढे, तो मधे, साहेब मागे. खरगोनकडून पण गाड्या येतात त्या रस्त्याने, जास्त नाही, पण वळणावर हॉर्न न देता येतात.

खायचं म्हणाल तर नोव्हेंबर म्हणजे भरिताचा सीझन सुरू. बामणोदची वांगी घ्या, हिरवी-पांढरी, हातभर मोठी, आणि कुणाच्या शेतात काट्याकुट्यांवर भाजायला लावा, गॅसवर भाजलेलं भरीत मी खात नाही. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर कांद्याची पात. हे खाऊन लगेच सायकलवर बसता येत नाही, म्हणून तर म्हणालो अकरानंतर आराम.

तापीकाठचा_बगळा:

रेल्वेचं मी सांगतो. सावदा स्टेशन आहे, त्याच्या पुढे निंभोरा, मग रावेर, भुसावळ-खंडवा लाइन. पण एक तर सावदा गाव आणि सावदा स्टेशन एका जागी नाहीत, स्टेशनला जायला परत सायकलच मारावी लागेल. दुसरं, पूर्ण सायकल घेऊन डब्यात चढणं म्हणजे टीसीच्या मर्जीवर, रीतसर करायचं तर पार्सल ऑफिसला लगेजमध्ये बुक करावी लागते आणि लहान स्टेशनला गाडी थांबते तेवढ्यात तीन सायकली चढवणार कशा. बाबा रेल्वेतले आहेत, त्यांना विचारलंत तर तेच सांगतील, जरा ओरडून. त्यापेक्षा रस्त्यावरचा रिकामा पिकअप हात करून थांबवा. केळीच्या पट्ट्यात माल टाकून रिकामा परत जाणारा छोटा हत्ती मिळतोच आणि तीन सायकली आरामात मावतात. भाडं आधी ठरवा एवढंच.

होळीच्या आधीच्या आठवड्यात कधी आलात तर पालकडच्या भागात भोंगऱ्या बाजार भरतात, ढोल, बासऱ्या, नवे कपडे घातलेली पाडंच्या पाडं रस्त्यावर. तेव्हा ट्रॅफिक असतं, पण ते पायी चालणाऱ्या माणसांचं. मी तर त्या आठवड्यात मुद्दाम जातो आणि सायकल हातात धरून चालतो.

एकटा_रायडर:

ठीक आहे, पोर सोबत आहे तर माझा रूट मागे घेतो. पण एक सांगतो, सकाळी पूर्वेकडे तोंड करून निघा. थंडीत आपल्याकडे वारं बहुतेक पूर्वेकडून असतं, जाताना समोरून लागलं तरी पाय ताजे असतात, येताना पाठीवर घेऊन यायचं. उलटं केलंत तर शेवटच्या दहा किलोमीटरला मुलगा तुम्हाला शिव्या देईल. आणि पाणी प्रत्येकी दोन लिटर, दिवाळीतलं दुपारचं ऊन पण भुसावळचंच असतं.

भुसावळची_लेक:

ठरलं मग. भाऊबीज झाल्यावर मधल्या वारी दोन दिवस. पहिला दिवस ऐनपूरकडे काठाने जाऊन त्याच वाटेने परत, दुसरा दिवस गाडी खिरोद्याला लावून सुकी, आणि पालचा घाट मुलाच्या मूडवर. चांगदेव आई-बाबांना घेऊन गाडीने तिसऱ्या दिवशी, तेवढाच त्यांचा राग जाईल. हो आणि सावद्याला खरंच नातेवाईक निघाले, आईच्या मावसबहिणीचे दीर, त्यांचीच केळी आहे, ते म्हणाले सायकलने कशाला येता, आम्ही जीप पाठवतो.

सराटा भाऊ, शेवटचं विचारते. ट्यूब भुसावळला मिळतील का, की पुण्याहूनच आणू?

सराटा_पंक्चर:

मुलाची २६ इंची भुसावळ-सावदा कुठंही मिळेल, सायकलच्या साध्या दुकानात पण. तुमच्या हायब्रिडला ७०० ची लागत असेल, ती इकडे शोधत फिराल, पुण्याहूनच आणा. आणि व्हॉल्व बघून घ्या, बारीक प्रेस्टा असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. प्रेस्टाला लावायचा पितळी अ‍ॅडाप्टर मिळतो छोटासा, स्वस्त असतो, तो कीचेनला अडकवून ठेवा, खिशात ठेवलात तर हरवतो.